तळघराची किल्ली

रांजणगावच्या महागणपतीबद्दल एक गोष्ट सांगतात. गाभाऱ्यात दिसते ती मूळ मूर्ती नव्हे. दहा सोंडा आणि वीस हातांची ‘महोत्कट’ ही मूळ मूर्ती परचक्राच्या भीतीने तळघरात लपवलेली आहे. देवस्थानचं म्हणणं, अशी कुठलीही मूर्ती नाही. रांगेतल्या पुष्कळांना दोन्ही ठाऊक असतं, आणि तरी ते वरच्या मूर्तीपुढे मनापासून हात जोडतात.

हे आठवलं रूममेटमुळे. तो इथल्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो आणि मोबाइलवर थोडं क्रिप्टो बाळगून आहे. त्याने विचारलं, “इथेरियमवरचे कॉइन दुसऱ्या चेनवर न्यायचेत, तिकडे फी कमी पडते. ब्रिज सेफ असतो का रे?”

खरं तर कॉइन कुठे जातच नाही. प्रत्येक ब्लॉकचेन ही स्वतःपुरती वही असते. एका वहीला शेजारच्या वहीत काय लिहिलंय ते दिसत नाही. म्हणून बरेचसे ब्रिज तुमचं कॉइन इकडे कुलूपबंद करतात आणि तिकडे तेवढ्याच रकमेची पावती काढतात. तिला ‘रॅप्ड’ टोकन म्हणतात. परत येताना पावती फाडायची, कुलूप उघडायचं. मधल्या काळात तिकडच्या बाजारात ही पावतीच विकली जाते, तीच गहाण पडते. तळघरात कोणी उतरत नाही.

देवाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. तळघर रिकामं निघालं तरी वर केलेली प्रार्थना खोटी ठरत नाही, असं मला वाटतं. पैशाचं तसं नाही. अ‍ॅक्सी इन्फिनिटी नावाचा खेळ खेळून फिलिपिन्समधली कित्येक माणसं कोरोनाच्या काळात घरखर्च भागवत होती. त्या खेळाचा रोनिन हा ब्रिज २३ मार्च २०२२ रोजी लुटला गेला. १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींहून जास्त यूएसडीसी, म्हणजे साठ कोटी डॉलरच्या आसपास. कळलं २९ मार्चला, तेही एकाला त्याचे पाच हजार इथर काढता येईनात म्हणून. मधले सहा दिवस तळघर रिकामं होतं आणि वर पावत्यांचा व्यवहार सुरळीत चालू होता.

कुलूप उघडायला नऊपैकी पाच सह्या लागायच्या. चार स्काय मेव्हिस या एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. पाचवी अ‍ॅक्सी डाओ या संघटनेची. नोव्हेंबर २०२१ मध्ये गर्दी फार वाढली, तेव्हा डाओने कंपनीला ‘आमच्या वतीने तुम्हीच सही करा’ अशी मुभा दिली. डिसेंबरमध्ये ते काम थांबलं. मुभा काढून घ्यायची मात्र राहिली. चोर कंपनीच्या यंत्रणेत शिरले आणि त्यांना पाचही सह्या एकाच घरात मिळाल्या. एफबीआयने पुढे उत्तर कोरियाच्या लॅझरस टोळीचं नाव घेतलं, पण मला टोळीपेक्षा ती राहून गेलेली मुभाच जास्त छळते. बचत गटाच्या खात्याला दोन सह्या लागतात, आणि सचिवताई ‘मला सारखं बँकेत यायला जमत नाही’ म्हणून कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवतात, असली सोय आपल्याला काही नवी नाही. नियत कोणाचीच वाईट नसते. पण दुसरी सही ठेवलेली असते ती पहिलीवर सगळं सोपवायला नको म्हणूनच.

मग दोष कोणाचा? क्रिप्टोवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘डू युअर ओन रिसर्च’, तुम्ही तपासायला हवं होतं. मला हे उत्तर निर्लज्जपणाचं वाटतं. पेशवाईत काशीला निघालेला यात्रेकरू इकडे रक्कम भरून हुंडी घ्यायचा आणि तिकडे वटवायचा. सावकाराच्या तिजोरीत त्यालाही डोकावता येत नव्हतं. पण पेढीचं नाव त्याला ठाऊक असायचं, आणि हुंडी वटली नाही तर अब्रू सावकाराची जायची. रोनिनवर पैसे ठेवणाऱ्या किती जणांना त्या नऊ सह्या कोणाच्या हे सांगता आलं असतं? किल्ली ज्याच्या हाती, तपासायचं काम आधी त्याचं.

रूममेटला मी एवढंच सांगितलं: नाणं काढणारी कंपनी स्वतः ते इकडे मोडून तिकडे नवं पाडत असेल, तर तो रस्ता घे. यूएसडीसीसाठी सर्कल कंपनीने २०२३ मध्ये अशी सोय सुरू केली. त्यात लुटायला भरलेलं तळघर नसतं. विश्वास तिथेही ठेवावा लागतो, पण कोणावर ते निदान कळतं. आणि आधी थोडेच पाठव, पोचले की मग बाकीचे.

नोमॅड ब्रिजचं मात्र त्याला सांगितलं नाही, कारण ते मलाच अजून सुटलेलं नाही. एका अपडेटमधल्या चुकीमुळे हा ब्रिज कुठलीही मागणी ‘तपासलेली’ म्हणून मान्य करू लागला. १ ऑगस्ट २०२२ रोजी कोणीतरी पैसे काढले. ते बघून इतरांनी तोच व्यवहार कॉपी केला, फक्त पत्ता आपला घातला. त्याला हॅकिंग यायची गरजच नव्हती. काही तासांत एकोणीस कोटी डॉलर गेले. ‘कोड हाच कायदा’ मानलं, तर कोडने कोणालाच अडवलं नव्हतं. रस्त्यात टेम्पो उलटला की पिशव्या घेऊन धावणाऱ्यांनाही कोणी अडवत नाही.

काहींनी मात्र पैसे चोरांच्या हाती लागू नयेत म्हणून उचलले आणि परत केले. नव्वद टक्के परत करणाऱ्यावर कारवाई करणार नाही, असं नोमॅडनेही जाहीर केलं. उचलल्याची नोंद मात्र वहीत दोघांचीही सारखीच आहे: रक्कम, पत्ता, वेळ. वाचवायला घेतोय की लाटायला, हे त्या क्षणी त्या प्रत्येकाला तरी नक्की माहीत होतं का?