दुखणे अंगावर काढणे हा सद्गुण आहे काय?

“दुखणे अंगावर काढणे” हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार जुना आहे. अंगात ताप असतानाही कोणी नांगर सोडीत नाही, दुकानाची फळी वेळेवर काढतो, कचेरीच्या मस्टरवर सही केल्यावाचून राहत नाही, की लोक कौतुकाने म्हणतात, “माणूस काय आहे हो! दुखणे अंगावर काढील, पण कामाला खाडा म्हणून नाही.” हे कौतुक ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पण मार्गशीर्ष-पौषाचे वारे सुटले, घरोघर खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागले, म्हणजे या शब्दप्रयोगाकडे जरा नीट पाहावेसे वाटते. त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. जे दुखणे मी माझ्या अंगावर काढतो, ते माझ्याच अंगावर राहते, ही ती गोष्ट. ते खरोखरी तसे राहते काय?

पाय मुरगळला, पाठ धरली, दाढ ठणकू लागली, ही दुखणी ज्याची त्याच्यापाशीच राहतात. ती सोसून कोणी काम केले तर त्याच्या सोशिकपणाला हात जोडावेत. पडसे आणि फ्लूचा ताप यांची जात मात्र निराळी. थंडीने सर्दी होते असे आपण म्हणतो, पण थंडी ही काही सर्दीची आई नव्हे. सर्दी होते ती विषाणूने, आणि तो विषाणू येतो दुसऱ्या माणसाच्या श्वासातून, शिंकेतून, नाक पुसलेल्या हातातून. हिवाळ्यात आपण दारेखिडक्या लावून एकमेकांना खेटून बसतो. खोलीतली तीच ती हवा दहा जणांच्या छातीत फिरत राहते, आणि एकाचे दुखणे दहांचे होते. फ्लूचा रोगी तर ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो रोग वाटू लागतो, आणि पुढे पाच-सात दिवस वाटीत राहतो. म्हणजे ज्या दिवशी लोक त्याला ‘निष्ठावंत’ म्हणून नावाजतात, नेमका त्याच दिवशी तो शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ताप देऊन घरी परततो.

असा एक मनुष्य डोळ्यांपुढे आणा. कचेरीतला जुना कारकून, भला गृहस्थ. गळ्याला मफलर, डोळे लाल, टेबलावर बामची बाटली. “घरी पडून काय करायचे?” म्हणून आला आहे. त्याच्या उजव्या हाताला बसणाऱ्या बाईंच्या घरी ऐंशी वर्षांची सासू आहे. डावीकडच्या मुलाला लहानपणापासून दम्याचा विकार. चहा देणाऱ्या पोऱ्याची आई मधुमेहाने आजारी. यांतले कोणीही त्याचे शत्रू नाही. आपण सगळे त्याचे प्रेमाचे मित्र आहोत असेच तो सांगेल, आणि ते खरेही असेल. पण चार दिवसांनी ती म्हातारी न्यूमोनियाने दवाखान्यात गेली, तर ते दुखणे कोणाच्या अंगावर निघाले? ज्याने काढले त्याच्या की तिच्या?

येथे कोणी शंका घेईल की, काम हीच पूजा, मग पूजेला खाडा कसा चालेल? अरणच्या सावता महाराजांचे नाव या ठिकाणी हटकून पुढे येते. त्यांनी मळ्यात राबता राबता देव पाहिला, हे खरेच. पण मळा उघड्या आभाळाखाली असतो, आणि कचेरीची खोली चार भिंतींच्या आत, हा फरक विसरून कसे चालेल?

आणि नेमाचे म्हणाल, तर नेम म्हणजे काय ते वारकऱ्याला कोणी शिकवायला नको. घरात लग्न असो, पेरणी खोळंबलेली असो, वारी चुकवायची नाही, हा आपला बाणा. तरीही २०२० साली काय झाले ते आठवावे. करोनाच्या साथीत पायी वारी थांबली, आणि १ जुलैच्या आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी संतांच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरीला गेल्या. २०२१ सालीही नेहमीसारखी पायी वारी झाली नाही. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली. त्या दोन वर्षांत लाखो माणसे घरात बसून राहिली. डोळ्यांतून पाणी काढीत बसली, पण बसली. त्यांचा नेम मोडला असे कोणी म्हणत नाही. वाटेवरच्या गावांत, धर्मशाळांत, मुक्कामाच्या राहुट्यांत आपल्यामुळे कोणाचा म्हातारा दगावू नये, हाही त्या वर्षीच्या नेमाचाच भाग होता. जो साक्षात पंढरीची वाट सोडू शकला, त्याला तीन दिवस कचेरीची वाट सोडता येऊ नये काय?

खरी अडचण वेगळीच असते, आणि ती मनुष्य सहसा तोंडाने बोलत नाही. “मी नसलो तर काम अडेल,” हा तो विचार. तीस वर्षांत एकही दिवस गैरहजर नाही, याचा एक गोड अभिमान असतो. वरून तो निष्ठेसारखा दिसतो म्हणून फार काळ ओळखूही येत नाही. त्यात आपण लहानपणापासूनच खतपाणी घालतो. शाळेत पूर्ण हजेरीचे बक्षीस ठेवतात, आणि आई तापलेल्या पोराला स्वेटर चढवून वर्गात नेऊन बसवते. ते बक्षीस बंद केले तर विद्येचे काही नुकसान होईल असे मला वाटत नाही.

पण सज्जनहो, येथवर जे बोललो ते ज्याला घरी बसणे परवडते त्याच्यापुरते झाले. पगारी रजा ज्याच्या हाती आहे त्याला हा उपदेश शोभतो. सरकारी नोकराला नैमित्तिक रजा असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली जे येतात त्यांना वर्षाला ८ दिवस तशी पगारी रजा आहे. राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला, त्याची वर्गणी नियमाप्रमाणे भरलेली असेल तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळू शकतात. पुष्कळांना हे ठाऊकही नसते. पण ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे काय? बीडकडची ही माणसे दिवाळीच्या सुमाराला गाळप हंगाम सुरू होताच मुलेबाळे घेऊन कारखान्यांच्या रानात जातात. त्यांच्यात माळकरी पुष्कळ, पण कार्तिकीला पंढरी नाही आणि आळंदीही नाही. पहाटेच्या कडाक्यात दवाने भिजलेल्या पाचटात उभे राहून कोयता चालवायचा. एकाला ताप आला म्हणून दोघे कोपीवर राहिले, तर मुकादम खाड्याचे पैसे उचलीत चढवतो. त्याला जाऊन आपण “बाबा रे, दुखणे अंगावर काढू नकोस” म्हणालो, तर तो आपल्या तोंडाकडे पाहील. दुखणे अंगावर काढायचे की नाही हे ठरवणे त्याच्या हातात नाही. ते मुकादमाच्या, कारखान्याच्या हातात आहे, आणि म्हणून त्याच्या तापाचा जाबही त्यांनाच विचारला पाहिजे.

कारखाना दूर राहिला. हाच ‘खाडा’ शब्द आपल्या स्वतःच्या घरात रोज उच्चारला जातो, तो ऐकू येतो का? धुणेभांडी करायला येणारी बाई एक दिवस आली नाही, की कॅलेंडरवर फुली पडते. आपले घर ते घरच, असे आपल्याला वाटते. तिच्या दृष्टीने ती कचेरी आहे, आणि मालकीणबाई तिच्या साहेब. पौषातल्या सकाळी गच्चीवरच्या टाकीचे पाणी बोटे आकडवून टाकते. त्या पाण्यात ती एकापाठोपाठ चार घरची भांडी घासते. हातांना भेगा पडतात, त्यांत भांड्यांची पावडर झोंबते. तापाने फणफणत ती आली तर आपण म्हणतो, “बाई मोठी कामसू आहे.” न आली तर म्हणतो, “हल्ली यांचे फारच झाले आहे.” २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, परंतु आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापायचे की नाही, हे अजून घरोघरच्या मर्जीवरच आहे. मग ती मर्जी तरी चांगली असू द्या. एक बादली ऊन पाणी, हातांना लावायला कोकमाचे तेल, आणि “बरे वाटेपर्यंत येऊ नकोस, पैसे कापणार नाही,” एवढे वाक्य. आणखी एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. आपल्या घरात कोणाला फ्लू झाला असेल तर ते तिला दारातच सांगावे. तिच्याही झोपडीत लेकरे आहेत. आपल्या पोराला तिच्याकडून रोग लागेल याची धास्ती आपण घेतो. तिच्या पोराला आपल्याकडून लागेल, हे किती जणांच्या मनात येते?

तसाच तो रात्रीचा पहारेकरी. पत्र्याची खोकेवजा खोली, खालून दाराच्या फटीतून वारा. बिचारा शेगडीत कोळसे पेटवतो, आणि धग बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावतो. यात प्राणच जातात, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक चिवटपणे चिकटतो, आणि माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये. पण असे नुसते बजावून खाली मान घालून निघून जाणे बरे नव्हे. त्याला जाड घोंगडी, कानटोपी आणि थर्मास भरून चहा सोसायटीने द्यावा. तो बहुधा उतारवयाचा असतो, आणि थंडीत रक्तवाहिन्या आखडून रक्तदाब चढतो. महिन्याला त्याचा रक्तदाब तपासून घेतला तर खर्च तो कितीसा?

कचेरीतल्या पंख्याच्या आणि खिडकीच्या भांडणाविषयी थोडेसे. एकाला उकडते, दुसऱ्याला हुडहुडी भरते. दोघेही खरे बोलत असतात. अशक्त, रक्त कमी असलेल्या, थायरॉइड मंद असलेल्या माणसाला थंडी खरोखरच अधिक वाजते, तो लाडावलेला नसतो. गारठलेल्याने शाल घ्यावी हे सोपे, कारण उकडणाऱ्याला सदरा काढून बसता येत नाही. पण वाऱ्याचा झोत एकाच्याच मानेवर येत असेल तर शाल पुरत नाही, तेथे जागा बदलून द्यावी. खिडकी मात्र सगळ्यांनी मिळून थोडी उघडी ठेवावी, कोंडलेली हवा कोणाच्याच हिताची नाही. आणि एक गोष्ट जरा भीत भीतच सांगतो. बंद केबिनमध्ये सकाळी दोन-दोन उदबत्त्या लावून ठेवू नयेत. दमेकऱ्याची छाती त्या धुराने भरते. देवाला आपण घरी ओवाळलेलेच असते.

रजा घेणाऱ्यानेही दुसरी बाजू पाहावी. खोटे दुखणे सांगून कोणी लग्नाला जाऊन येतो, मग खरोखर तापलेल्याकडे साहेब संशयाने पाहतो. शिवाय रजेवरच्या माणसाचे काम कोणीतरी उचलतेच, तेव्हा बरे होऊन आल्यावर त्याच्या टेबलावरचे चार कागद न सांगता आपण ओढून घ्यावेत.

औषधाचे म्हणाल तर विश्रांती, भरपूर कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पडशाला प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन उपयोग नाही, त्या विषाणूवर चालतच नाहीत. वृद्धांनी, मधुमेहींनी, गरोदर स्त्रियांनी फ्लूची लस दरवर्षी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. आणि दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला ‘थंडीचा आहे’ म्हणून सोडून देऊ नये. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे. थंडीच्या नावाखाली महिनोन्‌महिने खोकत कामावर येणारा माणूस हे याच शब्दप्रयोगाचे सर्वांत भयंकर रूप होय.

कार्तिक वद्य त्रयोदशीचा समाधी सोहळा आटोपून आळंदीहून परतणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. इंद्रायणीचे पहाटेचे स्नान, रात्रीचे जागरण, परतीच्या गाडीतली दाटी, यांनंतर घसा धरला, कणकण वाटली, तर दुसऱ्या दिवशी कचेरी गाठण्याची घाई करू नये. जाणे अगदीच टळत नसेल तर नाकातोंडाला फडके बांधावे आणि खिडकीपाशी, जरा दूर बसावे. रजा मिळण्यासारखी असेल तर अर्जात ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे मोघम न लिहिता सरळ लिहावे की, यात्रेहून आल्यावर ताप आला, तो उतरून एक दिवस गेला की हजर होतो. साहेब हसला तर हसू द्यावे.