पुंडलिकाचे हात

दहावीतला एक मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. परीक्षा तोंडावर आलेली. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी बमरोलीला गेलो. मनात रागाची चार वाक्ये तयार होती.

सुरतेच्या उधना-पांडेसरा भागाला लागून असलेली ही वस्ती. बाहेर मागांची धडधड चाललेली. आत एक खोली आणि आडोशाला स्वयंपाक. खाटेवर मुलाचे आजोबा होते, अर्धांगाने डावी बाजू गेलेली. कोपऱ्यात आई साडीवर खडे चिकटवत बसली होती. वडील रात्रपाळी करून माळ्यावर झोपले होते. भिंतीवर वहीचे एक पान चिकटवले होते : आठ वाजता डावी, दहा वाजता पाठ, बारा वाजता उजवी.

"सर, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते," मुलगा म्हणाला. "नाहीतर पाठ फुटते, असं दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलंय. आईला एकटीला उचलवत नाही. म्हणून मी थांबतो."

त्याने चादर बाजूला करून आजोबांची पाठ मला दाखवली. एकही जखम नव्हती. माझी चारही वाक्ये जागच्या जागी विरली. चहा घेऊन मी परत निघालो. मात्र निघताना जी गोष्ट मनात रुतली, ती त्या मुलाचे कौतुक नव्हती. तो एक हिशोब होता. त्या घरात वडिलांच्या वेळेला मजुरी होती. आईच्या वेळेला साडीमागे चार पैसे होते. मुलाच्या वेळेला आज काहीच मिळत नव्हते, म्हणून सेवा त्याच्या वाट्याला आली. घरात ज्याच्या वेळेची किंमत सर्वांत कमी, त्याच्याकडे आजारी माणूस सोपवला जातो. असा हिशोब कोणी मांडत नाही, पण तो आपोआप होतो.

माझ्या घरीही तो झाला होता.

माझी आई शेवटचे चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. तिला गावाहून इकडे आणताना मी सर्वांना अभिमानाने सांगितले होते, "आईला मी कुठेही ठेवणार नाही, घरीच सांभाळीन." हे वाक्य माझे होते, सांभाळले माझ्या पत्नीने. औषधे मी आणली, डॉक्टर मी बोलावले, पैसे मी दिले. रात्री उठणे, अंग पुसणे, लुगडे बदलणे, भरवणे हे सारे तिने केले. आईच्या तेराव्याला जमलेली माणसे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मुलाने फार केलं." मी मान खाली घालून ते ऐकून घेतले. दाराआड ती वाढण्याची तयारी करीत होती. मी एका शब्दानेही दुरुस्ती केली नाही.

आपण मराठी माणसे आईवडिलांच्या सेवेचा विषय निघाला की पुंडलिकाचे नाव घेतो. देव दारी आला, पुंडलिकाने वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. अठ्ठावीस युगे देव तिथेच उभा आहे. कथेतला हा देव आपल्याला पाठ आहे, पण पुंडलिकाचे हात आपण नीट पाहत नाही. हाच पुंडलिक आधी आईवडिलांना छळत होता. काशीच्या वाटेवर तो बायकोसह घोड्यावर होता आणि म्हातारी माणसे पायी चालत होती, असे कथा सांगते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. त्यानंतर त्याने काय केले? माणूस नेमला नाही, की बायकोला "तू यांचे पाय चेप, मी देवाकडे बघतो" असे सांगितले नाही. देव उभा राहिला तेव्हा वडिलांचे पाय त्याच्या स्वतःच्या हातांत होते. आमच्या घरांतून चित्र उलटे झाले आहे. पाय सून चेपते आणि पुंडलिक म्हणून मुलाची पूजा होते.

आपण ज्या भूमीवर पोट भरतो, त्या गुजरातच्या एका मुलाची गोष्टही इथे आठवते. १८८५ साली राजकोटला करमचंद गांधी भगंदराने अंथरुणाला खिळले होते. सोळा वर्षांचा मोहनदास त्यांची जखम धुई, औषध देई, रोज रात्री पाय चेपी. एका रात्री काकांनी त्याला विश्रांतीला पाठवले, तो पत्नीच्या खोलीत गेला आणि थोड्याच वेळात नोकराने दार ठोठावले : वडील गेले होते. त्या काही क्षणांची लाज गांधीजींनी आत्मकथेत उघडपणे लिहिली आणि ती जन्मभर बाळगली. मी ते प्रकरण वर्गात कितीदा तरी शिकवले आहे. पुढे केव्हा तरी ध्यानात आले, की ही लाज त्यालाच वाटू शकते ज्याचे हात रोज त्या पायांवर होते. एका रात्रीची चूक त्याला कळली, कारण बाकीच्या रात्री तो तिथे होता. मला चौदा महिन्यांत एकदाही तशी लाज वाटली नाही.

संस्कृतात 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूपासून आला आहे. मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवेला आपल्या पूर्वजांनी हे नाव का दिले असेल, हे मला आईच्या एका वाक्याने शिकवले. जिभेवरचा ताबा गेला होता, तरी रोज दुपारी वाटीतली पेज संपली की ती सुनेला अहिराणीत विचारी, "तू जेवनी का?" हे मला आई गेल्यावर पत्नीने सांगितले. चौदा महिन्यांत त्या घरात हा प्रश्न एका रुग्णालाच सुचला. मी दाराशी उभा राहून "आई कशी आहे?" असे विचारून शाळेत जात असे. आई कशी आहे हे तिला पुसणाऱ्या हातांना ठाऊक होते. कोणत्या कुशीवर दुखते, कोणता घास गिळवत नाही, कधी नुसते कोणी बसायला हवे आहे, हे दारातून ऐकू येत नाही. त्यासाठी हात लावावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की बारा तास मागावर उभा राहणारा माणूस सेवा कधी करणार? त्याची मजुरी हीसुद्धा सेवा नाही का? आहे. तीच नसेल तर औषध कुठून येणार? खेड्यात ओटा होता, भाऊबंद होते, शेजारीण ताक घेऊन येई आणि तासभर खाटेजवळ बसे. तापीकाठच्या रेल्वेने आपण इकडे आलो तेव्हा तो ओटा बरोबर आणता आला नाही. दहा जणांचे काम एका खोलीत एका जीवावर पडले. म्हणूनच "घरीच ठेवा" असे म्हणणाऱ्याला आधी विचारले पाहिजे, की रात्री दोन वाजता कोण उठणार? आणि वेदना घरी आवरत नसतील तर रुग्णालयात नेणे म्हणजे माया आटणे नव्हे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, ते बऱ्या न होणाऱ्या कर्करोग्यांचे शेवटचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून.

केरळने याहून पुढचा मार्ग दाखवला. कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व सहकाऱ्यांनी वेदनाशामक उपचारांची संस्था काढली. पुढे त्यातून गल्लीगल्लीतली साधी माणसे तयार झाली. शिक्षक, दुकानदार, गृहिणी थोडे शिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास शेजारच्या रुग्णाकडे जाऊ लागली. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या पाठीशी राहिल्या. २००८ साली तिथल्या सरकारने ते धोरण म्हणून स्वीकारले. हरवलेला ओटा त्यांनी पुन्हा बांधला, असे मी म्हणेन. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने मुलाकडून पोटगी मिळवून देता येते. पाठीवर हात फिरवायला मात्र कोणताही कायदा कोणाला लावू शकत नाही.

त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि त्याच्या वडिलांशी बोललो. त्यांना उपदेश केला नाही. माझ्या आईची हकीकत सांगितली, तेराव्यासकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, बापाले हात लावाले भीती वाटे. दुखी का काय." मुलाने त्यांना कूस बदलायला शिकवले. खांद्याखाली हात कुठे घालायचा, गुडघा कसा दुमडायचा, उशी कुठे द्यायची. सकाळची दोन वळणे वडिलांनी घेतली, दुपारचे एक समोरच्या खोलीतल्या ओडिया शेजाऱ्याने मागून घेतले. मुलगा शाळेत येऊ लागला. भिंतीवरच्या कागदावर आता वेळेपुढे नावेही लिहिलेली आहेत.

दिवाळीत घरोघरी जाणे-येणे होईल. ज्या घरात खाट आहे तिथे फराळाचे ताट हातात घेण्यापूर्वी आत डोकवावे. आजारी माणसाची चौकशी तर करावीच, पण त्याच्या उशाशी जो कोणी दिवसरात्र असतो त्यालाही विचारावे, जेवलात का, आणि आजची रात्र मी बसू का. मला हे विचारायला उशीर झाला. पत्नीला मी तो प्रश्न विचारला, आई गेल्यानंतर दोन वर्षांनी. ती काही बोलली नाही. उठून तिने दोन ताटे वाढली.