उमेदवाराने उत्तर का द्यावे?



एक प्रश्न गेले काही दिवस मनात घोळतो आहे, तो आज तुमच्यापुढे मांडतो. ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची निवडणूक आली की एखादा मतदार मंच किंवा तरुण मंडळ उमेदवारांना प्रश्न लिहून पाठविते. तुम्ही आजवर काय केले? पुढे काय करणार? त्यासाठी पैसा कोठून आणणार? काही उमेदवार उत्तर देतात, पण बरेचसे तो कागद बाजूला टाकतात. "मी जनतेला बांधील आहे, ह्या चार टाळक्यांना नाही," असे ते म्हणतात. त्यांचे हे म्हणणे बरोबर आहे काय?

प्रथम माझी एक चूक सांगतो. आमच्या गावी मागच्या निवडणुकीत राखीव जागेवर आपल्यातलाच एक माणूस उभा होता. वस्तीत बैठक भरली. कॉलेजात जाणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "काका, ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. तुम्ही मागे सदस्य होता, तेव्हा ते कशावर खर्च झाले?" बैठक चिडीचूप झाली. एक वडीलधारे गृहस्थ कडाडले, "आपल्याच माणसाला चारचौघांत उघडं पाडतोस? शिकलास म्हणून शहाणा झालास?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी त्याचा शिक्षक. समजले नाही तर हात वर करावा, हे मीच त्याला वर्गात शिकविले होते. त्या दिवशी मी त्याला खुणेने खाली बसविले. ही गोष्ट मला अजून टोचते.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क कोणी आपल्याला फुकट दिलेला नाही. १९९९ साली अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली व न्यायालयात दाद मागितली. उमेदवारावरील गुन्हे, त्याची मालमत्ता व शिक्षण जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी सांगितले. संसदेने कायदा करून तो हक्क आखूड केला, तेव्हा १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द ठरविले. पुढे २०१३ साली असेही ठरले की शपथपत्रातले रकाने कोरे ठेवता येणार नाहीत, आणि आठवण देऊनही ते भरले नाहीत तर अर्ज नाकारता येतो.

म्हणजे मागचा हिशेब कायद्याने मागता येतो. परंतु "उद्या तुम्ही काय कराल?" ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणताही कायदा भाग पाडीत नाही. म्हणूनच हा नीतीचा प्रश्न आहे.

आता धम्माकडे वळू. मज्झिम निकायात वीमंसक सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध भिक्खूंना खुद्द तथागताचीच परीक्षा घ्यायला सांगतात. डोळ्यांनी दिसते ते व कानांनी ऐकू येते ते तपासा, मगच विश्वास ठेवा, असा त्याचा आशय आहे. जेथे शास्ता स्वतः परीक्षेला उभा राहतो, तेथे वॉर्डाच्या मेंबराने रागावण्याचे कारण काय? परमपूज्य बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. आपण देवदेवता सोडल्या त्या भक्तीच्या जागी भक्तीच ठेवण्यासाठी नव्हे. घरातले देव्हारे काढून वस्तीत पुढाऱ्याचा देव्हारा मांडला, तर धर्मांतर अर्धेच झाले म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, प्रश्न विचारणारे कोण असतात ते पाहा. शहरातले सुखवस्तू लोक. आपल्या माणसाची ते उलटतपासणी घेतात, आणि वर्षानुवर्षे गाव लुटणाऱ्याला पाटीलसाहेब म्हणतात!" हा आक्षेप खोटा नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला "तुम्हाला लिहिता-वाचता येते का?" असे विचारणारा पुष्कळदा माहितीसाठी विचारीत नाही, अपमान करण्यासाठी विचारतो. मग अशा प्रश्नांचे काय करावे?

अंगुत्तर निकायात ह्याची वाट दाखविली आहे. तेथे प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींचे उत्तर सरळ द्यावे. "तुमच्यावर खटला आहे काय? निधी कोठे गेला?" ह्याला होय, नाही किंवा आकडा हेच उत्तर. काहींचे उत्तर फोड करून द्यावे. "अतिक्रमणे काढाल काय?" गायरान बळकावणारा धनदांडगा व झोपडीतली विधवा ह्यांना एका शब्दात बसविणे अन्याय होईल. काहींना उलट प्रश्न करावा. "तुम्ही फक्त आपल्याच जातीचे पाहणार का?" तर विचारावे, "हे तुम्ही इतर उमेदवारांनाही विचारले काय?" आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत, घरच्या खाजगी गोष्टींचे चव्हाट्यावर उत्तर देण्याचे कारण नाही. मात्र बाजूला का ठेवले, ते सांगावे. प्रश्नावली फाडून टाकणे ह्या चारांपैकी कशातच बसत नाही.

विचारणाऱ्यांवरही बंधन आहे. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, उत्तर कापछाट न करता छापावे, आणि आपण कोण, आपला खर्च कोण करतो, हेही सांगावे. जो दुसऱ्याचा हिशेब मागतो त्याची वही उघडी असली पाहिजे.

आणि प्रश्न विचारणे ही काही सुखवस्तूंची मिरास नाही. राजस्थानात कोटकिराना गावी १९९४ साली मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली, तेव्हा हजेरीपटाचा हिशेब मागणारे लोक दुष्काळी कामावर खपणारे मजूर होते. उलट, प्रश्न मेला की काय होते तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाला होता. ज्याने बोली लावून जागा घेतली, त्याला जाब कोण विचारणार? एका रात्रीच्या जेवणावर वा चार नोटांवर जे मत जाते, तेही लिलावातलेच होय.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. निवडणुकीपूर्वी वस्तीतल्या बायाबापड्यांनी, तरुणांनी एकत्र बसून पाच प्रश्न लिहावेत: पाणी, गटार, स्मशानभूमीची वाट, १५ टक्के, घरकुल. ही बैठक विहारात नको; विहार वंदनेसाठी व धम्मासाठी राहू द्या. समाजमंदिरात वा चौकात बसा. आपला आणि परका असा भेद न करता प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न द्या. उत्तर लिहून घ्या. पुढे ग्रामसभेत तोच कागद हातात धरून उभे राहा. आपल्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याला उघडे पाडणे नव्हे. तो खरा असेल तर प्रश्नाने त्याचे बळच वाढते, आणि खोटा असेल तर त्याला आपला कशासाठी म्हणायचे?

त्या मुलाला मी परवा भेटलो व माझी चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, "सर, उत्तर अजून आलेलं नाही." पुढच्या बैठकीला मी त्याच्या शेजारी बसणार आहे. त्याने हात वर केला की माझाही वर असेल.

सर्वांचे मंगल होवो.