आजचं चिंतन : जटायूचं ऋण



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अरण्यकांड. जटायूचा देहत्याग.

प्रसंग आपल्याला पाठ आहे. दशरथाचा हा म्हातारा मित्र रावणाला आडवा जातो आणि पंख छाटले जाईपर्यंत लढतो. प्राण धरून ठेवतो ते फक्त निरोप सांगण्यापुरते. मग प्रभू लक्ष्मणाला लाकडं आणायला सांगतात आणि वडिलांना द्यावा तसा स्वतःच्या हाताने अग्नी देतात. सीताहरणाहूनही या गिधाडाच्या जाण्याचं दुःख मोठं आहे, असं ते म्हणतात. आपल्याकडे इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला हे घडलं असं मानतात.

ज्या पक्ष्याचं नाव आपण शिवीसारखं वापरतो, त्याला रामाने वडिलांची जागा दिली. आपण त्याच्या वंशाचं काय केलं?

१९९० च्या दशकात भारतातली गिधाडं भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीची तर शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली. कारण कळलं ते २००४ च्या सुमारास. डायक्लोफेनॅक, म्हणजे गुराढोरांना देतात ते वेदनाशामक. औषध दिल्यावर लवकरच जनावर मेलं की ते मांसात उरतं, आणि ते खाल्लेल्या गिधाडाची किडनी बंद पडते. यात दुष्ट कोणीच नव्हतं बघा. दुखणाऱ्या गाईला आराम मिळावा एवढाच हेतू. गीता कर्माची गती गहन म्हणते, ती अशी. हेतू शुद्ध असला तरी परिणाम बघण्याची जबाबदारी सुटत नाही.

२००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. त्याआधीच हरियाणात पिंजोरला, वनविभाग आणि मुंबईच्या बीएनएचएसने मिळून गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं केलं होतं. नावही जटायूचंच. काम चिकाटीचं आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. म्हणून कधी पहिलं अंडं उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवतात, म्हणजे जोडी दुसरं घालते. २०२४ च्या जानेवारीत तिथली वीस गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली, मोकळ्या आभाळात सोडण्यासाठी.

आता अवघड प्रश्न. आकाशातल्या पक्ष्याला जाळीत ठेवणं धर्म आहे का? आणि या गिधाडांना बकऱ्याचं मांस घालतात, म्हणजे एक जीव वाचवायला दुसरा जातो. मला याचं गुळगुळीत उत्तर देता येत नाही, आणि द्यायचंही नाही. पण एक कसोटी सापडते : पिंजरा कोणासाठी आहे?

अंड्यांच्या फार्ममध्येही पक्ष्यांची पैदासच होते. तिथल्या बॅटरी केजमध्ये कोंबडीला ए-फोर कागदाहूनही कमी जागा मिळते, पंख पसरता येत नाहीत. अंडी न देणारी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. तो पिंजरा आपल्या ताटासाठी आहे, त्याचं दार उघडायचंच नाही. पिंजोरचा पिंजरा बांधलाय तो एक दिवस रिकामा व्हावा म्हणून. जाळी सारखीच, भाव वेगळा. पहिली भोगाची, दुसरी ऋण फेडण्याची. बकऱ्याचा जीव मात्र त्या ऋणात नव्याने जमा होतो, हेही विसरू नये.

आणि ऋण फेडताना मूळ चूक चालू ठेवली तर काय उपयोग? अजून एक औषध आहे, ॲसिक्लोफेनॅक. गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. सोडलेला पक्षी शेवटी आपल्याच गुरांच्या मढ्यावर उतरणार आहे.

म्हणून आजची साधना छोटीशी. आपल्यातले बरेच जण गोशाळेला देणगी देतात, कोणाच्या गावी गुरं आहेत. या आठवड्यात एक फोन करा आणि विचारा, 'दुखण्यावर कुठलं इंजेक्शन देता?' मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. तेवढं नम्रपणे सांगा. गोसेवा आणि जटायूची सेवा एकाच फोनमध्ये होईल.

प्रभूंनी मेलेल्या जटायूला अग्नी दिला. आपल्या वाट्याला अजून जिवंत असलेला आलाय.

श्रीराम समर्थ 🙏