सोसण्याचे बळ

ऑक्टोबरमध्ये भंडारा-गोंदियाकडे धान निसवलेले असते, दाणा भरत असतो, आणि अशा वेळी बांधीच्या मधोमध एखादा गोल अचानक वाळलेला दिसतो. दोन-चार दिवसांत तो पसरतो. जवळ जाऊन चूड बाजूला करावा, तर पाण्याच्या किंचित वर, बुंध्याशी, तपकिरी तुडतुडे दाटीने बसलेले असतात. तीन-चार मिलिमीटरचा हा जीव सोंडेची सुई रोपाच्या रसवाहिनीत खुपसतो आणि पानांत तयार झालेली साखर वाटेतच पिऊन टाकतो. हजारो तुडतुडे असे प्यायला बसले की उभे पीक भाजल्यासारखे करपते.

या किडीपुढे टिकणारे धान कसे असावे? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत बदलत गेले. त्या बदलात शेतीपलीकडचेही काही शिकण्यासारखे आहे, असे मला वाटते.

१९५१ साली रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने पिकांच्या कीडप्रतिकारावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने प्रतिकाराच्या तीन तऱ्हा मांडल्या. काही रोपे किडीला आवडतच नाहीत. काही रोपांवर कीड बसते, पण तिची वाढ खुंटते, अंडी कमी होतात. तिसऱ्या तऱ्हेत कीड बसते, खाते, वाढतेही. पण त्याच संख्येच्या किडीने शेजारचा वाण जिथे कोलमडतो, तिथे हा वाण पीक देतो. पेंटरने या तिसरीला सहनशीलता म्हटले. पहिल्या दोघींच्या मागे संशोधक धावले. तिसरी बराच काळ पुस्तकातच राहिली.

धावण्याची निकड खरी होती. १९६६ साली फिलिपिन्समधल्या लॉस बॅनोसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा बुटका, भरघोस वाण दिला. दाट लावणी, भरपूर नत्र, वर्षातून दोन-तीन पिके अशी नवी शेती आली आणि तुडतुड्यांना बारमाही पंगत मिळाली. १९७३-७४ मध्ये केरळच्या कुट्टनाडमध्ये मोठा उद्रेक झाला. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सही होरपळत होते. तोवर मुडगो या जुन्या भारतीय वाणावर तुडतुडे उपाशी मरतात, हे संशोधकांच्या ध्यानात आले होते. किडीची सोंड त्यात पुन्हा पुन्हा शिरे, पण तिला पोटभर रस मिळत नसे. हा गुण एकाच प्रभावी जनुकातून येतो, हेही कळले आणि त्याला बीपीएच-१ नाव पडले. एक जनुक, एक कुलूप! १९७३ साली ते जनुक घेऊन आयआर-२६ शेतात उतरला.

दोन-तीन वर्षांत कुलूप उघडले. त्या वाणावर पोसली जाणारी तुडतुड्यांची नवी प्रजा पुढे आली. १९७६ साली दुसरे जनुक असलेला आयआर-३६ आला आणि आशियात लाखो हेक्टरांवर पसरला; १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर सुमात्रात त्याचीही ढाल गळाली. मग तिसरे जनुक. किडीच्या या प्रजांना क्रमांक दिले गेले, जणू त्या ठाम वेगळ्या जाती आहेत. पण प्रयोगशाळेत एका वाणावरचे तुडतुडे दुसऱ्या वाणावर पाळले, तर दहाएक पिढ्यांत ते त्याला सरावतात, असे दिसून आले. महिन्याभरात एक पिढी होणाऱ्या जीवाला दहा पिढ्या म्हणजे वर्षभराचाही काळ नव्हे. उपासमार जितकी कडक, तितकी तिच्यातून तगून निघणाऱ्यांची निवड चोख. आपण किडीला मारत होतो आणि त्याच वेळी घडवतही होतो.

सहनशीलता या सगळ्या काळात कुठे होती? मला वाटते, ती ट्रेमध्ये हरवली होती. वाण पारखण्याची रूढ रीत अशी: ट्रेमध्ये ओळीने रोपे वाढवायची, आठवड्याभराच्या प्रत्येक कोवळ्या रोपावर आठ-दहा पिल्ले सोडायची आणि तायचुंग नेटिव्ह-१ हा दुबळा वाण मेला की बाकीच्यांना गुण द्यायचे. हजारो वाण झटपट चाळायला ही रीत उत्तम, आणि तिच्यावाचून मुडगोसारखे वाण निवडणे अवघड होते. पण बाळपणी मारा सोसता न आलेले रोप भर वयात काय करते, हे ट्रेला दिसत नाही. पुढे थोरल्या रोपांची चाचणी सुरू झाली, तेव्हा कोवळेपणी नापास झालेले काही वाण शेतात तग धरतात हे उमगले. आपण जे मोजतो, तेच आपल्याला मोलाचे वाटू लागते.

१९८०च्या दशकात केरळच्या त्रिवेणी आणि इंडोनेशियाच्या उत्री राजापन या वाणांकडे या नजरेने पाहिले गेले. त्यांच्यावर तुडतुडे जगतात, तरी ते इतरांइतके खचत नाहीत. भाताचे रोप रस गेल्यावर हातपाय गाळून बसत नाही. खोडात साठवलेली साखर आणि जुन्या पानांतले नत्र दाण्याकडे वळवून ते नुकसान भरून काढते. १९८५ साली आलेल्या आयआर-६४ मध्ये तेच जुने, हरलेले बीपीएच-१ होते. जोडीला मात्र अनेक लहान लहान जनुकांचे बळ होते. थोडी नावड, थोडी उपासमार, थोडी सहनशीलता. तो कुठल्याच बाबतीत अजिंक्य नव्हता, म्हणूनच कदाचित दीर्घकाळ टिकला.

आज तुडतुड्यांविरुद्धची चाळीसहून अधिक जनुके ठाऊक आहेत. २००९ साली चीनच्या वुहानमधील संशोधकांनी बीपीएच-१४ वेगळे करून दाखवले. त्याच्या प्रभावाने रोप रसवाहिनीच्या चाळणीत बूच बसवते. हे ज्ञान मोलाचे आहे. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही, हा धडा इंडोनेशियाने १९८६ साली घेतला. फवारणीने कोळी आणि मित्रकीटक मरतात व तुडतुडे उलट वाढतात, हे पटल्यावर तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. सोशिक रोपाला राखणदार लागतातच: त्याच्यावर कीड जगते म्हणून तिला खाणारेही तिथे जगतात. राखणदार नसतील तर तीच कीड शेजारच्या बांधीत जाते, कधी विषाणूही सोबत नेते.

‘सोशिक’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरायला हवा. घरातल्या बाईला किंवा शेतकऱ्याला सोशिक म्हणून गौरवले की त्यांच्यावरचा भार हलका करण्याची जबाबदारी टळते. भाताच्या रोपाने या शब्दाचा दुसरा अर्थ दाखवला आहे. त्याच्या सोसण्यामागे खोडातला साठा असतो, आणि भोवती कोळ्यांनी विणलेली जाळी असतात. साठा रिता करून, जाळी जाळून कुणाकडून सोसण्याची अपेक्षा ठेवली, तर शेताच्या मधोमध तो वाळलेला गोल उमटणारच.