आला तसा पुढे पाठविला



दर पौर्णिमेला विहारात किंवा घरच्या घरी आपण पंचशील ग्रहण करतो. चौथे शील मुसावादाचे, म्हणजे खोटे न बोलण्याचे. बावीस प्रतिज्ञांतही ती प्रतिज्ञा आहेच. हे शील म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे जीभ असते. परंतु आज घरात सर्वांत जास्त बोलतो तो अंगठा. सकाळचा चहा होण्यापूर्वीच तो मोबाईलवर पंधरा जणांशी बोललेला असतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आईशी मात्र अद्याप एक शब्दही झालेला नसतो. तेव्हा प्रश्न असा की, मोबाईलवर आलेला खोटा मजकूर पुढे पाठविणे हे खोटे बोलणे होय की नव्हे? "मी कुठे लिहिला? आला तसा पुढे पाठविला," हे उत्तर तुम्ही ऐकले असेल, आणि दिलेही असेल. शीलाच्या कसोटीवर ते टिकते काय?

उदाहरणासाठी आपण खानदेशातील सारंगखेडा घेऊ. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी हे गाव आहे. तेथे एकमुखी दत्ताचे मंदिर आहे आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तेथील मोठी यात्रा सुरू होते. पण सारंगखेड्याचे नाव देशभर झाले ते घोड्यांच्या बाजारामुळे. परराज्यांतून घोडे येतात, मारवाडी येतात, काठेवाडी येतात. (आपण बौद्ध झालो, आता यात्रेला जावे काय, असे काही नवदीक्षित कुटुंबे विचारतात. घोडा पाहावयास, बांगड्यांचे दुकान मांडावयास किंवा लेकरांना पाळण्यात बसवावयास कोणतीही प्रतिज्ञा आड येत नाही. नवस करावयास येते.)

या बाजारात घोडा घेणारा माणूस कसा वागतो ते एकदा उभे राहून पाहा. विकणारा शपथा घेतो, घोड्याचे घराणे सांगतो; घेणारा ते सारे ऐकून घेतो आणि मग जबडा उघडून दात पाहतो. घोड्याचे वय दातांवरून कळते. मग पाय उचलून खूर पाहतो, चालवून पाहतो, पळवून पाहतो. ऐकीव गोष्टीवर तो एक पैसाही सोडीत नाही. आणि गंमत अशी की, हाच माणूस लगेच घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजू लागतो. मानेवर देवमण असला की घोडा शुभ, त्याची किंमत वाढली. भोवरा भलत्या जागी असला की घोडा अशुभ, मग तो कितीही सरळ चालो. म्हणजे दात पाहणारी बुद्धी आणि भोवऱ्यावर विसंबणारी श्रद्धा एकाच पागोट्याखाली नांदतात. आपल्या सर्वांचे असेच आहे. त्या माणसाला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे.

पुढे तोच माणूस संध्याकाळी मोबाईल काढतो. त्यावर एका घोड्याचे छायाचित्र येते आणि खाली लिहिलेले असते: इतक्या कोटींचा घोडा. बाजारात सांगितली जाते ती किंमत वेगळी आणि सौदा होतो तो वेगळा, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक? तरीही अंगठा चालतो आणि चित्र पुढे जाते. दुपारी ज्याने दात पाहिल्याशिवाय बोली लावली नाही, त्याने संध्याकाळी कशाचेही दात पाहिले नाहीत.

आता शीलाकडे वळू. पाली अट्ठकथेत मुसावाद पुरा होण्यास चार गोष्टी लागतात असे सांगितले आहे: गोष्ट असत्य असावी, फसविण्याची इच्छा असावी, तसा प्रयत्न व्हावा आणि समोरच्याला ती गोष्ट कळावी. या कसोटीने पाहिले तर, खरे समजून पुढे पाठविणारा माणूस खोटा ठरत नाही. फसविण्याची चेतना त्याच्या ठिकाणी नाही, आणि भगवान बुद्धांनी तर चेतनेलाच कर्म म्हटले. "आला तसा पाठविला" म्हणणाऱ्याला येथे हायसे वाटेल. वाटू द्या. कारण त्याचा खटला चौथ्या शीलापुढून सुटला, तरी पाचव्यापुढे उभा राहतो.

पाचवे शील दारूचे, एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु त्या शीलात मद्य वर्ज्य करण्याचे कारणही दिलेले आहे, आणि ते कारण आहे प्रमाद. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. दारू वाईट का? ती पिऊन माणसाचे भान सुटते आणि भान सुटले की उरलेली चारही शीले त्याच वाटेने जातात. मग ज्या वस्तूने भान सुटते ती बाटलीतच असली पाहिजे असे थोडेच आहे? महापरिनिर्वाणाच्या वेळी भगवंतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तोही अप्रमादाचाच. न वाचता, न विचारता, राग आला म्हणून किंवा भीती वाटली म्हणून पुढे ढकललेला मजकूर हा त्याच प्रमादात मोडतो असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या वस्त्यांतील दारू सुटावी म्हणून बायाबापड्या किती झगडल्या! तीच घरे आज या दुसऱ्या नशेविषयी एक शब्दही बोलत नाहीत.

ही नशा किती महागात पडते, हे सांगण्यास सारंगखेड्याहून फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. तेथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा मजकुराचे पेव त्या दिवसांत मोबाईलवर फुटले होते. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या गावात होते. भिक्षा मागून जगणारी ही माणसे. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले, मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तेथे ठार केले. पाचही जण गेले. मुले पळविणारी टोळी कोठेच नव्हती.

त्या पाच जणांना मारणारे हात थोडे होते. तो मजकूर पुढे पाठविणारे अंगठे किती होते, याची मोजदाद कोणत्याही न्यायालयात होणार नाही. त्यांतील प्रत्येकाने "खबरदारी म्हणून" पाठविला असणार. आपल्या पुतण्याला, आपल्या बहिणीला, प्रेमानेच. प्रमाद तो हाच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अफवा रिकाम्या जागेत उगवत नाही, ती जुन्या संशयाच्या जमिनीत उगवते. भटक्याला पाहताच "चोर असेल" असे वाटणे मोबाईलने शिकविले नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातून रद्द झाला नाही. आणि आपण कोण? २७ मे २००७ रोजी मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्याबरोबर भटक्या-विमुक्त समाजाच्या हजारो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. (घोड्यांच्या मैदानावर माणसे माणूस झाली, असे तेव्हा एखाद्याने म्हटले असेल तर ते चुकीचे नव्हते.) हे पाक्षिक ज्यांच्या घरी जाते त्यांच्यात अशीही कुटुंबे असतील. उद्या त्यांचाच कोणी नातलग परक्या गावच्या बसथांब्यावर उतरेल आणि आपल्याच ग्रुपवरून गेलेला मजकूर त्याच्या आधी तेथे पोचलेला असेल. याची कल्पना करणे कठीण नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. आपल्या अंगठ्याला शील लावण्याचे काम परदेशातील एका व्यापारी कंपनीला करावे लागले, ही गोष्ट मला तरी भूषणावह वाटत नाही.

"पण साहेब, आम्ही अफवा पाठवीत नाही, आम्ही नुसते विनोद पाठवितो," असे तरुण मंडळी म्हणतील. विनोदाला धम्माची मनाई नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने लोकांना पोट धरून हसविले, आणि हसता हसता भटशाही, सावकारी आणि अंगात येणारी देवी यांचे सोंग उघडे पाडले. खानदेशाच्या सीमेवर मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी "मालेगाव के शोले" काढला. ते स्वतःच्याच फाटक्या खिशावर हसले आणि सारे गाव हसविले. जो हसविणारा वरच्याकडे किंवा स्वतःकडे बोट दाखवितो त्याचा विनोद निर्मळ राहतो. मोबाईलवरचा बहुतेक विनोद मात्र खालच्याकडे बोट दाखवितो. बायकोवर, मोलकरणीवर, काळ्या रंगावर, आदिवासीच्या बोलीवर. गाव आणि जात एवढाच काय तो त्यात बदल करायचा. ज्या जातीच्या नावाने एके काळी आपल्यावर अशीच हशा पिकविली जाई, ती जागा आता दुसऱ्या कोणाला देऊन आपण हसत बसावे काय?

या बाबतीत भगवंतांनी स्वतःच्या मुलाला केलेला उपदेश प्रत्येक घरात सांगण्यासारखा आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे लहान राहुल राहत होता. भगवंत आले, त्यांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेच थोडे, असे त्यांनी राहुलला दाखविले. मग पाणी ओतून टाकले, भांडे पालथे केले. त्यानंतर त्यांनी सांगितले की थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही. आणि आरसा कशासाठी असतो असे विचारून शिकविले की काया, वाचा, मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पारखून पाहावे: यात माझे अहित आहे काय, दुसऱ्याचे आहे काय? सम्राट अशोकाने राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू शिलालेखात भिक्षू आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी काही धम्मवचने नावानिशी कोरविली आहेत. त्यात राहुलला केलेला हा मुसावादाचा उपदेश आहे. मोबाईल बंद असताना त्याची काच आरशासारखीच दिसते, हे आपण रोज पाहतो.

आता एक अवघड प्रसंग. गावातील एखादा शेजारी, ज्याच्या विहिरीवर आता आपणही पाणी भरतो, तो देवाचे चित्र पाठवितो आणि लिहितो, "अकरा जणांना पाठवा, सायंकाळपर्यंत शुभवार्ता मिळेल, न पाठविल्यास संकट येईल." पूर्वी असा मजकूर पोस्टकार्डावर येई, आणि कार्डाला पैसे पडत म्हणून तरी माणूस थबके. तुम्ही काय कराल? पुढे पाठविणार नाही, हे उघड आहे. भीती घालून भक्ती करून घेणे हे आपण सोडून आलो. पण त्याच ग्रुपवर त्याच्या दैवताची टवाळी करणारे चित्र उलट टाकावे काय? ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची पूजा करणार नाही, असे आपण म्हणतो. शेजाऱ्याचा अपमान करीन, असे आपण कोठेही म्हटलेले नाही. टोचून, कठोर बोलणे हेही सम्यक वाचेच्या बाहेरचे. त्याच्या ओट्यावर जा, चहा घ्या आणि विचारा, "भाऊ, संकट टळले का?" पुष्कळदा तो स्वतःच हसतो. सारंगखेड्याच्या बाजारात दात पाहणारा माणूस त्याच्या अंगीही असतोच.

शेवटची गोष्ट आपल्या घरातली आहे आणि म्हणून जास्त नाजूक आहे. रोज सकाळी "जय भीम"बरोबर भगवान बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र येते; खाली एक सुविचार असतो. त्यांतील कितीतरी वाक्ये त्या दोघांच्या तोंडी कधीच आलेली नाहीत. कोणी व्यापार वाढविण्यास बुद्धांचे नाव लावतो, कोणी निवडणुकीत मते मागण्यास बाबासाहेबांचे. ज्या बाबासाहेबांनी प्रत्येक विधानाला आधार दिला, ग्रंथ धुंडाळले, त्यांच्या नावावर बनावट वाक्य खपविणे हा अपराध परक्याने केला तर आपण मोर्चा काढू. आपल्याच अंगठ्याने होतो तेव्हा त्याला "प्रचार" म्हणतो. अशा वेळी "कोठे म्हटले?" एवढेच विचारावे. पाठविणारा वडीलधारा असला तरी विचारावे, नम्रपणे विचारावे; केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी ऐकीव गोष्टीवर आणि गुरूच्या शब्दावरही विसंबू नका असे सांगितले, त्यात काका-मामा आलेच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडांनी प्रसिद्ध केली आहेत. बऱ्याच विहारांत ते खंड काचेच्या कपाटात ठेवलेले असतात. वाक्य तपासावयास जाल तेव्हा कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे मात्र आधी फोन करून विचारून घ्या.