आपणच गुरु, आपणच शिष्य

‘मी कोणाजवळ शिकलों नाहीं’ हें वाक्य माणसें दोन निरनिराळ्या स्वरांत उच्चारतात. एखादा तें ताठ मानेनें बोलतो, आणि दुसरा तेंच खालमानेनें, जणूं कांहीं क्षमा मागत असल्याप्रमाणें बोलतो. संगीताच्या बाबतींत आपल्याकडे हा दुसरा स्वरच अधिक ऐकूं येतो. ज्या देशांत गुरूचें नांव घेतांना हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो, त्या देशांत गुरु न करतां वाद्य मांडीवर घेणें हा थोडासा उद्धटपणा वाटावा, यांत नवल नाहीं. तरीसुद्धां गिटार आणून ती आपली आपणच शिकूं पाहणारीं माणसें आज मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांतून दिसतात, आणि त्यांत शाळकरी मुलांबरोबर चाळिशी उलटलेली मंडळीहि असते. अशा माणसाला गुरु नसतो हें म्हणणें खरें आहे काय, आणि खरें असल्यास गुरूचें काम त्याच्यापुरतें कोणी करावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

तो हवेंत राहूं नये म्हणून प्रथम वाद्यापाशींच जाऊं. गिटारला सहा तारा असतात. सर्वांत बारीक ती पहिली व सर्वांत जाड ती सहावी असें मोजतात, आणि जाडीकडून बारकीकडे त्या ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत लावतात. जाड तार पांचव्या पडद्यावर दाबली म्हणजे जो स्वर निघतो, तोच तिच्या शेजारच्या बारीक तारेचा मोकळा स्वर; अपवाद तेवढा तिसऱ्या तारेचा, तेथें चवथा पडदा दाबावा लागतो. एवढें कळलें कीं वाद्य सुरांत लावतां येतें. मग डाव्या हाताचीं बोटें दुखूं लागतात. पोलादी तारांनीं त्यांचीं टोकें सोलून निघाल्यासारखीं होतात, आणि कांहीं आठवड्यांनीं तेथें घट्टे पडतात. बोट पडद्याच्या अगदीं लगत मागें टेकलें पाहिजे. दूर राहिलें तर तार खरखरते, शेजारच्या तारेस चुकून लागलें तर ती मुकी होते. तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकदम छेडावयाचे स्वरमेळ, थोड्या दिवसांत हातांत बसतात. पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जातांना हात अडखळतो, आणि तेवढा वेळ गाणें रस्त्यांत उभें राहतें. पुढें ‘एफ’ नांवाचा कॉर्ड येतो. त्यांत तर्जनी आडवी करून सहाहि तारा पहिल्या पडद्यावर एकदम दाबावयाच्या असतात. कित्येक गिटारी या ठिकाणीं खोळींत जातात त्या पुन्हां बाहेर येत नाहींत.

आतां यांतील कोणती गोष्ट गुरूवांचून कळण्यासारखी नव्हती? ही सर्व माहिती प्राथमिक पुस्तकांत मिळते. विद्या सांगणारा भेटत नाहीं ही अडचण एके काळीं खरीच होती. आपल्याकडील कित्येक गवई आपल्या घराण्याच्या चिजा परक्याच्या कानावर पडूं देत नसत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं हिंडून, अनेकांच्या विनवण्या करून, अशा चिजा गोळा केल्या व स्वरलिपींत छापल्या; त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चा पहिला भाग मराठींत १९१० सालीं निघाला. पुस्तकावरून गाणें येत नाहीं असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो अगदींच खोटा नव्हता. आज मजल छापील पुस्तकाच्याहि पुढें गेली आहे. हातांतल्या मोबाईलवर वाटेल तो शिक्षक येऊन बसतो. त्याला थांबवितां येतें, संथ करतां येतें, एकच गोष्ट त्याच्याकडून शंभर वेळां वदवितां येते, आणि तो कंटाळत नाहीं. या शिक्षकांत एकच उणीव आहे. शिष्याला तो दिसतो व ऐकूं येतो. त्याला शिष्य ऐकूं येत नाहीं.

गुरु हवा तो सांगण्याकरितां कीं ऐकण्याकरितां? माझ्या मतें ऐकण्याकरितांच अधिक. जो एकटा बसून वाजवितो त्याच्या कानांत दोन गाणीं एकाच वेळीं चाललेलीं असतात. एक तारांतून निघणारें, आणि दुसरें मनांत आधींपासून असलेलें. मनांतलें गाणें निर्दोष असतें, शिवाय तें फार उदार असतें. तारांनीं जें सोडलें तें तें भरून काढतें. मुका स्वर वाजला असें मानतें. अडखळलेली जागा सांधून घेतें. सोपा भाग वेगानें व अवघड भाग सावकाश वाजवून, चाल तेथें मुळांतच संथ आहे अशी समजूत माणूस सहज करून घेतो. शेजारीं गुरु असता तर तो ‘पुन्हां’ एवढेंच म्हणाला असता. हें ‘पुन्हां’ स्वतःस म्हणणें, तेंहि खोलींत दुसरें कोणी नसतांना, बोटांच्या शिक्षणापेक्षां कठीण आहे. तार सुरांत आहे कीं नाहीं हें दाखविणारें यंत्र खिशांत ठेवतां येतें. आपलें वाजविणें ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशीं ऐकतां येतें. ज्यांनीं हें केलें आहे त्यांना तो अनुभव किती कडू असतो हें ठाऊक आहे. पण ऐकावयास बसणें, आणि ऐकल्यावर सबब न सांगणें, हें कोणतेंहि यंत्र करवून घेत नाहीं. संगीतशिक्षणाचा प्रश्न येथें नीतीच्या प्रांतांत शिरतो. ज्याला फसविलें तर कोणाचें नुकसान होत नाहीं, कोणाला कळतहि नाहीं, अशा माणसाशीं, म्हणजे स्वतःशीं, खरेपणानें वागण्याचें बंधन आपल्यावर आहे काय? बाजारांत, कचेरींत, कुटुंबांत आपल्या खरेपणाला साक्षीदार असतात. येथें कोणी नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांतील एकलव्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि बहुधा ती गुरुभक्तीचें उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी सांगतांना एक गोष्ट हळूच झांकली जाते. एकलव्य रानांत एकटा शिकला तो कांहीं हौसेनें नव्हे. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणाचार्यांनीं त्याला परत पाठविलें होतें. गुरूवांचून शिकणाऱ्या पुष्कळांची हकीकत आजहि अशीच असते. कोणाला जात आड येते, कोणाला पैसा, कोणाला मुलगी असणें. हें विसरून स्वयंशिक्षणाचे गोडवे गाणें मला बरें वाटत नाहीं. परंतु येथें मला विचारावयाचें आहे तें त्या मातीच्या मूर्तीविषयीं. तिनें एकलव्याला काय शिकविलें? ती बोलली नाहीं, धनुष्य कसें धरावें हें तिनें दाखविलें नाहीं. ती तेथें होती, इतकेंच. तिच्यासमोर सोडलेला बाण चुकला, तर तो कोणाच्या तरी देखत चुकला. मूर्ति घडवून एकलव्यानें आपली सोय केली असें मला वाटत नाहीं. त्यानें आपली गैरसोय करून घेतली.

मातीची मूर्ति वाहवा करीत नाहीं, हा तिचा दुसरा गुण. जिवंत श्रोता शेजारीं येऊन बसला कीं नवशिका लगेच त्याला चांगला येत असलेला तुकडा वाजवूं लागतो, आणि त्या दिवसाचें शिक्षण तेथें संपतें. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. त्यांत साळी कांडणारी एक कुमारी आहे. बांगड्यांचा आवाज पाहुण्यांच्या कानीं जाऊं नये म्हणून ती त्या एकेक करून कमी करीत जाते, आणि दोन्ही हातांत एकेकच उरते तेव्हां कोठें आवाज थांबतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत रात्रीं दार लोटून हलकेच तारा छेडणाऱ्यानें ही कथा अवश्य वाचावी.

राहतां राहिला तो ताठ मानेचा माणूस. स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया (१८९३-१९८७) यांनीं गिटारला जगांतील मोठमोठ्या संगीतगृहांत मानाचें स्थान मिळवून दिलें. आपला गुरु आपण व आपला शिष्यहि आपणच, असें ते अभिमानानें सांगत, आणि तो अभिमान सर्वस्वी पोकळ नव्हता. पण त्यांनीं वाजविलेल्या चिजांत फ्रांसिस्को तारेगा यांनीं गिटारसाठीं रचलेल्या व तिच्यावर उतरविलेल्या चिजा होत्या. तारेगा १९०९ सालीं वारले. दोघांची भेट झाली नाहीं. तारेगांचे शिष्य मिगेल ल्योबेत यांच्याकडून मात्र सेगोव्हियांनीं पुष्कळ घेतलें. गिटारचा आजचा आकार आंतोनिओ दे तोरेस या कारागिरानें १९ व्या शतकांत रूढ केलेला. आणि पडदे? तारेच्या बरोबर मध्यावर बारावा पडदा येतो, आणि दर पडद्यागणिक उरलेली लांबी सुमारें अठराव्या हिश्श्यानें घटत जाते. हें गणित बसावयास शतकें लागलीं. नवशिका पहिल्या दिवशीं बोट टेकतो आणि नेमका स्वर निघतो, तेव्हां ज्यांचीं नांवेंहि त्याला ठाऊक नाहींत अशा माणसांचे श्रम त्याच्या बोटाखालीं असतात. (आपल्या रागदारीला मात्र हे पडदे आड येतात, कारण त्यांच्यावर हवी तशी मींड निघत नाहीं, म्हणून ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटार आडवी ठेवली व पडद्यांना न जुमानतां पोलादी कांडी तारांवरून सरकविली.) तेव्हां ताठ मानेच्या माणसालाहि गुरु असतात, त्यांना दक्षिणा द्यावी लागलेली नसते, एवढाच फरक. पुढें सेगोव्हिया स्वतः शिकवूं लागले, तेव्हां शिष्यांनीं आपण ठरविलेल्या बोटांच्या मांडणीनेंच वाजवावें असा आग्रह धरण्याबद्दल त्यांची ख्याति झाली. ही विसंगति खरी, पण मला ती समजण्यासारखी वाटते. जी वाट माणसानें एकट्यानें खणून काढली, तिचें प्रत्येक वळण त्याला अपरिहार्य वाटूं लागतें.

याच्या अगदीं दुसऱ्या टोकाला एलिझाबेथ कॉटन या बाई आहेत. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबांत त्या वाढल्या. भाऊ घरीं नसला म्हणजे त्याचा बँजो गुपचूप वाजवावयाचा, अशी त्यांची सुरुवात. लहानपणींच लोकांकडे घरकामाला लागून, मिळालेल्या पैशांतून त्यांनीं गिटार घेतली. त्या डावऱ्या, गिटार उजव्या हाताची. त्यांनीं तारा न बदलतां वाद्यच उलटें धरलें. इतर वादक अंगठ्यानें जाड तारांवर ठेका धरतात व बोटांनीं चाल वाजवितात. त्या बोटांनीं ठेका व अंगठ्यानें चाल वाजवूं लागल्या. कोणत्याहि जाणत्या शिक्षकानें पहिल्याच दिवशीं तारा उलट क्रमानें चढवून दिल्या असत्या, आणि तें त्यानें भल्याकरितांच केलें असतें. मग त्या वादनांतील वेगळा नाद कोणाच्याहि कानीं पडला नसता.

यावरून जें वाकडें तेंच आपलें असा निष्कर्ष काढणें फार सोपें, आणि फार घातकहि. एका कॉटनबाईंमागें, मनगट भलतीकडे वाकवून दुखणें ओढवून घेतलेले, वर्षानुवर्षें त्याच चार कॉर्डांत फिरत राहिलेले किती असतील! माझ्या वाजविण्यांतला हा वेगळेपणा दोष आहे कीं स्वभाव, हा स्वयंशिक्षितापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. गुरु असता तर तो त्याच्यावर सोंपवितां आला असता, आणि तो चुकला असता तरी चूक त्याची ठरली असती. कोणी म्हणेल, ज्याला दोन्ही तऱ्हांनीं वाजवितां येतें त्यानें निवडलेली ती शैली, आणि ज्याला एकच तऱ्हा येते त्याचा तो दोष. कसोटी दिसते नीटनेटकी, पण जँगो रेनहार्ट पुढें आले कीं ती मोडते. १९२८ सालीं त्यांच्या राहत्या गाडीला लागलेल्या आगींत डाव्या हाताचीं शेवटलीं दोन बोटें जवळजवळ निकामी झालीं. मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर भिस्त ठेवून ते पुन्हां वाजवावयास शिकले, आणि असल्या हाताला शिकवील असा गुरु त्या वेळीं कोठें मिळणार होता? त्यांना निवड नव्हतीच. म्हणून त्यांचें वादन सदोष म्हणण्याची कोणाची छाती होईल? हाताकडे पाहून हा निवाडा होणार नाहीं असें मला वाटतें. कानानें मागितलें तें हातानें दिलें, कीं हातानें जें दिलें तेंच कानानें गोड मानून घेतलें, एवढें पाहावें लागतें. आणि तें पाहणारा पुन्हां तोच, त्याच खोलींतला एकटा माणूस.

कॉटनबाईंना चर्चमधील मंडळींनीं ऐहिक गाणीं सोडण्यास सांगितलें, आणि त्यांची गिटार सुटली ती कित्येक दशकें. पुढें वॉशिंग्टनमध्यें सीगर या संगीतज्ञ कुटुंबांत त्या घरकाम करूं लागल्या. त्या घरांत भिंतीवर एक गिटार टांगलेली असे. ती खालीं घेऊन, पूर्वींप्रमाणेंच उलटी धरून, त्यांनीं लहानपणीं आपणच शोधून काढलेलें पुन्हां आठवावयास आरंभ केला, आणि घरांतील मुलांनीं तें ऐकलें. १९५८ सालीं त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती.